सेट झालात का?

मार्च लागला की आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दहावीची मुलं फेऱ्या मारायला लागतात. हल्ली हातात पुस्तकाऐवजी मोबाइल असतो, पण फेऱ्या त्याच आणि पुटपुटणारे ओठही तेच. परवा सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर जिन्यात दोघी बोलत होत्या. दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाईंना सेक्रेटरींच्या सौभाग्यवती विचारत होत्या, "मग काय, सेट झालात का?" त्या म्हणाल्या, "होतोय हळूहळू." दोघी हसल्या. मी पिशवी घेऊन आत आले आणि दार लावून तशीच उभी राहिले. हा प्रश्न मला एका उन्हाळ्यात इतक्यांनी विचारला होता की पुढे पुढे मी नुसती मान हलवायची.

मी शाळेत शिकवते. शिक्षकाला शब्द दिसला की तो उचलून बघायची खोड असते. एकदा ऑफ तासाला लायब्ररीतली जाडजूड डिक्शनरी काढून मी हा 'सेट' बघायला बसले. पान उलटलं, पुन्हा उलटलं, तरी तो संपेना. साहेबाने एवढ्याशा शब्दाला इतकी कामं लावली आहेत की बिचाऱ्याला सुट्टी कधी मिळत असेल देव जाणे. पण डिक्शनरीवाचून आमचं काही अडलं नव्हतं. अंबरनाथच्या आमच्या चाळीत इंग्रजी दोन वाक्यं धड न बोलता येणारी माणसंही हा शब्द सकाळ-संध्याकाळ वापरायची. टीव्ही बिघडला की 'सेट गेला'. लग्न ठरलं की 'डिनर सेट काय द्यायचा'. पोरगा नोकरीला लागला की 'सेट झाला', आणि पोरगा कोपऱ्यावरच्या दुकानाशी रोज त्याच वेळेला उभा राहायला लागला की 'याची काहीतरी सेटिंग दिसते'. साहेबाला चहा पाजून बदली रद्द करून घेतली तर तीही सेटिंगच. शब्द एकच, पण कुठला अर्थ घ्यायचा ते सांगणाऱ्याच्या भुवयांवरून कळायचं. शाळेत मात्र त्याला मुंडावळ्या बांधून 'संच' केलं होतं. नववीत सरांनी रिक्त संच शिकवला तेव्हा फळ्यावर नुसते दोन महिरपी कंस काढले आणि मध्ये काहीच लिहिलं नाही. "आत काही नसलं तरी संच असतोच," ते म्हणाले. आम्ही सगळे हसलो होतो.

माझ्या वडिलांचं तर पोटच या शब्दावर होतं. ते अंबरनाथजवळच्या आनंदनगरातल्या एका कारखान्यात सेटर होते. सेटर म्हणजे काय, हे मला लहानपणापासून शंभर वेळा सांगून झालेलं. नवीन काम आलं की मशीनवर हत्यारं बसवायची, मापं जुळवायची, पहिला पीस काढून बघायचा. तो बहुतेक वेळा चुकतोच. मग थोडं इकडे, थोडं तिकडे, दुसरा पीस, तिसरा. माप बरोबर आलं की मशीन कामगाराच्या हवाली करायचं आणि आपण पुढच्या मशीनकडे जायचं. "मी लावून देतो, चालवतात दुसरे," बाबा म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात त्याची खंत नसायची, उलट थोडा रुबाबच असायचा. बुटका कामगार असला तर ते त्याच्या पायाखाली लाकडी फळी टाकून देत. माणसाने मशीनसाठी वाकायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

आई स्वयंपाकाला उभी राहिली की ते हेच बघायचे. आई बुटकी होती. चाळीतला ओटा तिच्या छातीशी यायचा, आणि पोळ्या लाटताना ती टाचा उंच करायची. म्हणून बदलापूरला फ्लॅट बुक केला तेव्हा बाबांनी दुसरं काहीच मागितलं नाही. नुसत्या विटांच्या भिंती उभ्या होत्या तेव्हा ते आम्हा दोघींना तिथे घेऊन गेले. खिडकीच्या जागी भोक, त्यातून पलीकडे भाताची खाचरं आणि जांभळाची झाडं. बाबांनी आईला भिंतीला पाठ लावून उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि टेप धरली.

"अठ्ठावीस," ते मिस्त्रीला म्हणाले.

मिस्त्री म्हणाला, "साब, सब घर में बत्तीस रखा है. बाद में बोलोगे नीचा हो गया."

"बोलूंगा तो मेरे को बोलूंगा. तुम अट्ठाईस रखो."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. "अहो, माणसं काय म्हणतील, बुटकीचा ओटा!" पण घरी येताना वाटेत ती दोनदा म्हणाली की खिडकी ओट्यासमोर आहे हे बरं झालं. ओटा झाल्यावर बाबा रोज ड्यूटी सुटली की सायकल मारत बदलापूरला जायचे, फक्त त्याच्यावर पाणी मारायला. सिमेंट सेट व्हायला वेळ द्यावा लागतो, घाई केली तर भेग जाते, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री हसायचा त्यांना.

त्या वर्षी नवरात्रात आई गेली. काविळीचं निमित्त झालं आणि दहा दिवसांत सगळं आटोपलं. मी दहावीला होते. हे वाक्य इतक्या सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली.

त्यानंतरचा मार्च मला आठवतो तो आवाजांनी. चाळीतल्या बायका माझ्यासाठी हळू बोलायच्या. भांडी हळू घासायच्या. "पोरीची परीक्षा आहे गं," असं एकमेकींना सांगायच्या, पण ते परीक्षेसाठी नव्हतं हे मला कळायचं. परीक्षेला जाताना हातावर दही ठेवायला कोणी नव्हतं म्हणून बाबांनी आदल्या संध्याकाळी स्वतः विरजण लावलं. ते लागलंच नाही. सकाळी पातेल्यात नुसतं कोमट, आंबूस दूध. बाबा पातेल्यात बघत म्हणाले, "सेट नाही झालं." मी तेच चमचाभर दूध पिऊन मराठीच्या पेपरला गेले.

एप्रिलमध्ये आम्ही बदलापूरला राहायला आलो. नातेवाइकांनी सांगून बघितलं, एवढ्यात नका जाऊ, पोरगी दिवसभर एकटी पडेल. बाबांनी ऐकलं नाही. बहुधा त्या चाळीतल्या उंच ओट्यासमोर त्यांना उभं राहवत नसावं. मला त्यांनी विचारलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही.

जायच्या आधी आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. जुनी ताटं पोचे पडलेली होती, नव्या घरात नवी हवीत म्हणून. दुकानदार सिंधी, जाडजूड, कपाळावर चष्मा. बाबांनी दोन ताटं बाजूला काढली.

"दो पीस नहीं मिलेगा साईं. छह का सेट है."

"हम दो ही आदमी हैं."

"अरे, आज दो हैं. मेहमान आएगा, बेटी की शादी होगी, दामाद आएगा. मैं दो थाली के लिए सेट कैसे तोड़ूँ?"

 बाबांनी सहाही घेतली. मग दुकानदाराने नाव कोरायचं यंत्र हातात घेतलं. तेव्हा स्टीलचं भांडं नावाशिवाय घरी यायचं नाही, आणि नाव घरच्या बाईचं असायचं. "नाम क्या डालूँ?" त्याने विचारलं, आणि बाबा सवयीने बोलून गेले, "सौ. सुमती."

यंत्र घर्रर्र करत चाललं. मी बाबांकडे बघत होते. पहिलं ताट झालं, दुसरं त्याने पुढे ओढलं, आणि तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी हात पुढे केला. दुकानदार थांबला. "क्या हुआ? स्पेलिंग गलत है?"

"नहीं," बाबा म्हणाले. "ठीक है. सब पे यही डालो."

आई जाऊन सहा महिने झाले होते, आणि आम्ही तिच्या नावाची, 'सौ.' लावलेली सहा कोरी ताटं वर्तमानपत्रात बांधून रिक्षाने घरी आणली. त्यातली दोन आम्ही वापरायला काढली. चार त्याच कागदात फडताळाच्या वरच्या खणात गेली.

बदलापुरात आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा तीन बिऱ्हाडं होती. बाकी दारांना कुलपं. जिन्यात पाऊल टाकलं की आपल्याच चपलांचा आवाज वर जाऊन परत यायचा. बाबा सकाळी सायकलने आनंदनगरला गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि घर. परीक्षा संपलेली, अभ्यास नाही, मैत्रिणी अंबरनाथला. कर्जतकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी दुरून यायची, त्यावरून किती वाजले ते मी ओळखायचे. सरांनी फळ्यावर काढलेले ते दोन कंस मला तेव्हा आठवायचे. एका बाजूला बाबा, एका बाजूला मी, आणि मध्ये दोन खोल्या.

जवळच्या पाड्यावरून ताराबाई दूध घालायला यायची, तीही त्या शब्दाने सुरुवात करायची. "काय गो पोरी, झालाव का सेट?" मग आत डोकावून, "एकलीच बसलीस? तुजा बापूस कामावर गेला?" मी हो म्हणायची. "मानूस नाय दिसत कोन हितं," असं स्वतःशीच म्हणत ती जिना उतरायची. तिचा आवाज खाली जाईपर्यंत मी दार उघडं ठेवायची. बोलायला कोणी असावं एवढंच मला हवं होतं, पण तिला थांब म्हणायची लाज वाटायची.

आणि तो ओटा. मी बापावर गेले होते. दहावीतच आईपेक्षा वीतभर उंच झाले होते. अठ्ठावीस इंचांच्या ओट्यावर कणीक मळायची म्हणजे कमरेतून दुमडावं लागायचं. पोळ्या होईपर्यंत पाठीत कळ यायची, मग मी जमिनीवर सपाट पडून छताकडे बघत राहायची. पोळ्या धड येतही नव्हत्या. पहिली हटकून करपायची. मी ती लपवायला जायची आणि बाबा हात पुढे करायचे. "पहिला पीस आहे तो. इकडे दे." काळी पोळी ते भाजीत बुडवून मुकाट्याने खायचे. त्या घरातला तेवढाच एक विनोद होता, आणि आम्ही तो रोज करायचो.

मला ओटा उंच करून हवा होता. चार-पाच इंच, फार नाही. खरं सांगायचं तर पाठ हे निमित्त होतं. त्या स्वयंपाकघरात उभी मी राहते आहे, हे बाबांनी एकदा बघावं असं मला वाटत होतं. ते घर अजून आईची वाट बघत होतं आणि मी तिथे बदली कामगारासारखी होते. मी दोनदा आडून सुचवलं. तिसऱ्यांदा एका रविवारी दुपारी जेवताना सरळ विचारलं.

"बाबा, ओटा वर घ्या ना. माझी पाठ मोडते."

"नको. सेट झालाय तो."

"मग फोडून पुन्हा करा."

"शैले, जेव."

"आई येणार नाहीये त्याच्यापुढे उभी राहायला." हे माझ्या तोंडून कसं निघालं मला अजून कळत नाही. "तुम्ही तिच्यासाठी घर लावलंत, आणि राहते मी!"

बाबांनी घास ताटात परत ठेवला. हात धुऊन ते बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत आले नाहीत. त्या दुपारी मला आई गेली त्या दिवसापेक्षाही एकटं वाटलं, कारण त्या दिवशी निदान बाबा होते. पुढचे दोन दिवस आम्ही 'पाणी आलं का' आणि 'दार लावून घे' एवढंच बोललो. मी पोळ्या केल्याच नाहीत, भातच लावला. त्यांनी तोही खाल्ला.

तिसऱ्या दिवशी ते आले ते सायकलच्या कॅरियरला काहीतरी बांधून. मशीन पुसायच्या चिंध्यांमध्ये गुंडाळलेले लाकडाचे चार ठोकळे. कारखान्यात मशीन लेव्हलला आणायला खाली घालतात त्याला पॅकिंग म्हणतात. त्यांनी मला ओट्यासमोर उभं केलं. "ताठ उभी राहा. कोपर वाकव." त्यांनी माझं कोपर धरून सारखं केलं आणि टेप लावली. आई गेल्यापासून त्यांचा हात मला पहिल्यांदा लागला तो तेव्हा. मग त्यांनी शेगडी उचलली, चार पायांखाली चार ठोकळे सरकवले, वर सपाटी बघायची पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर येईना. एक ठोकळा काढून त्यांनी कानशीने घासला, पुन्हा ठेवला, पुन्हा घासला. पुरा अर्धा तास. मी बाजूला उभी होते, आणि आम्हा दोघांची नजर त्या बुडबुड्यावर होती.

तो मध्यावर थांबला तेव्हा बाबा ओट्याच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "ओटा तिचा राहू दे. शेगडी तुझी."

मी मान हलवली. दोघांनाही रडू आलं, पण एकेकट्याने, वेगवेगळ्या खोलीत.

त्यानंतरची वर्षं मी तशीच काढली. लाटायचं वाकून, भाजायचं ताठ. बी.एड. झालं, शाळेत लागले. नातेवाईक विचारायचे, "हिचं कुठे सेट झालं का?" बाबा म्हणायचे, "बघतोय." तीन-चार ठिकाणी बोलणी झाली, कुठे पत्रिका अडली, कुठे माझी उंची, एके ठिकाणी मीच अडले. मग विचारणारे थकले. बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं. त्यांच्यासारख्या सेटरची गरज नवीन मशीनना उरली नव्हती, ती आपली आपण मापं घेत. बाबा घरी बसले आणि माझी करपलेली पहिली पोळी खात राहिले. मला पोळ्या छान यायला लागल्यावरही ते पहिलीच मागून घ्यायचे. पाच वर्षांपूर्वी तेही गेले. खिडकीतून जांभळाची झाडं दिसायची तिथे आता सात मजली टॉवर आहे. समोरच्या बाईचा ओटा मला दिसतो, तिला माझा दिसत असेल. आम्ही कधी बोललो नाही.

यंदाच्या मार्चमध्ये ओट्याचा कडप्पा मध्येच तडकला. नवीन किचन करून घ्यायचं ठरवलं, तर माप घ्यायला एक शर्ट-पँटमधला, टापटीप माणूस आला. हातात लाल ठिपका टाकणारं यंत्र.

"मॅडम, हा ओटा एवढा खाली कसा? काम चुकलंय."

"चुकलेलं नाही," मी म्हटलं.

"घरात जेवण कोण बनवतं? त्यांच्या हाइटला सेट करतो."

"मीच."

"अजून कोणी?"

"कोणी नाही."

"मग कोपर वाकवून उभ्या राहा."

मी उभी राहिले. तो चार हात लांब होता. लाल ठिपका माझ्या कोपरावर आला, यंत्र टुक् वाजलं आणि झालं माप. तेहतीस इंच. पस्तीस वर्षांपूर्वी मी हट्ट धरला होता तेच मागणं कोणाशी न भांडता, चहा पिता पिता मान्य झालं. मला आनंद व्हायला हवा होता.

ओटा फोडायला एक दुपार पुरली. मी हॉलमध्ये बसून घाव ऐकत होते. सेट झालेलं सिमेंट सहज सुटत नव्हतं, फोडणारा माणूस सारखा घाम पुसत होता. "किसने बनाया था? इतना पक्का कौन करता है?" त्याने विचारलं. रोज सायकलने येऊन पाणी मारणाऱ्याबद्दल त्याला काय सांगणार? मी चार ठोकळे तेवढे मागून घेतले. पुसून फडताळात ठेवले, ती चार ताटं आहेत त्यांच्या शेजारी. कागद पिवळा पडलाय, ताटं कोरीच आहेत.

काल नवीन ओट्यावर पहिल्यांदा स्वयंपाक केला. दगड गुळगुळीत, उंची माझ्या कोपराला अगदी बरोबर. कणीक मळायला घेतली आणि लक्षात आलं की मी वाकले आहे. सरळ झाले. दोन लाट्या होतात न होतात तोच पुन्हा वाकलेली. कमरेला आईची उंची पाठ झाली आहे, तिला कोण समजावणार? फिटिंगवाला जाताना सांगून गेला होता, आठ दिवसांत सवय होईल, सेट होऊन जाल. होईनही.

शेगडी नवी, आच भसकन लागली आणि पहिली पोळी करपली. चांगली काळी झाली. ती उलथन्यावर घेऊन मी वळले, हात थोडा पुढेही केला. मग रोजचं ताट काढलं, कडेवरचं 'सौ. सुमती' अंगठ्याखाली आलं, आणि उभ्यानेच ती पोळी मी खाल्ली.